खुर्ची आणि कामाची फारकत

निवृत्तीच्या वयाचा विषय निघाला की वाद आकड्यावर जातो आणि आकड्यावरच संपतो. 58 की 60, 62 की 64, 65 की 70. फ्रान्समध्ये 2023 साली 62 चे 64 करताना लाखो लोक रस्त्यावर उतरले. चीनने 1 जानेवारी 2025 पासून पुरुषांचे वय 60 वरून 63 पर्यंत आणि स्त्रियांचे, कामाच्या प्रकारानुसार, 50 व 55 वरून 55 व 58 पर्यंत नेण्याचा 15 वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. कुठेही असा निर्णय झाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, वयस्करांनी जागा अडवून ठेवल्या आहेत. दुसरा म्हणतो, अनुभव असा वाऱ्यावर सोडू नका. दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून भांडतात: माणूस एक तर आहे त्या खुर्चीत राहील, नाहीतर घरी जाईल. तिसरी शक्यता कुणाच्या बोलण्यात येत नाही, आणि सगळा प्रश्न तर तिथेच आहे.

माझे म्हणणे असे. ठरलेल्या वयाला प्रत्येकाने पद सोडावे, शिपायापासून प्रमुखापर्यंत, एकाही अपवादाशिवाय. पदाचे अधिकार, सही, हाताखालची माणसे, बढतीच्या साखळीतली जागा, हे सगळे त्या दिवशी दुसऱ्याच्या हाती जावे. पण ज्याला काम करायचे आहे आणि ज्याच्याकडून ते नीट होते आहे, त्याला मर्यादित, लेखी करारावर काम करत राहता यावे. आणि तो करार साहेबाच्या मर्जीवर नव्हे, सर्वांना आधीपासून ठाऊक असलेल्या अटींवर मिळावा. मुदतवाढ पूर्ण बंद करावी आणि पुनर्नियुक्ती मोकळी करावी. या दोन शब्दांची सर्रास सरमिसळ होते. मुदतवाढीत माणूस त्याच खुर्चीत बसून राहतो. पुनर्नियुक्तीत खुर्ची रिकामी होते, माणूस दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या कामाला बसतो. तरुण सहकाऱ्यांच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी आकड्याबद्दल, कारण त्याला उगीच पावित्र्य चिकटले आहे. 1889 साली बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांच्या वृद्धापकाळासाठी पेन्शनचा कायदा केला तेव्हा वय 70 ठेवले होते. 65 हा आकडा तिथे 1916 मध्ये आला. कायदा झाला त्या वर्षी बिस्मार्क स्वतः 74 वर्षांचा होता आणि चान्सलरपदावर होता. अमेरिकेने 1935 मध्ये 65 निवडले, तेव्हा तिथल्या राज्यांच्या पेन्शन योजनांत 65 आणि 70 असे दोन आकडे चालत होते. हिशेबात बसेल तो उचलला गेला. हे तिजोरीचे गणित होते. माणसाची कुवत कधी संपते, हा प्रश्न त्या गणितात कुणी मांडलाच नव्हता. पेन्शन कधी सुरू व्हावी, पद कधी सोडावे आणि काम कधी थांबवावे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपण त्यांची उत्तरे एका तारखेत कोंबली आणि मग त्या तारखेवरून एकमेकांशी भांडत बसलो.

आकडा हलवून प्रश्न सुटत नाही, याचा धडा आंध्र प्रदेशाने दिला आहे. फेब्रुवारी 1983 मध्ये तिथल्या नव्या सरकारने कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय 58 वरून 55 केले आणि महिनाअखेरीस हजारो माणसे एकदम घरी गेली. ऑगस्ट 1984 मध्ये वय पुन्हा 58 झाले. जानेवारी 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 55 करण्याचा निर्णय घटनेच्या विरोधात नव्हता. मग मधल्या काळात ज्यांना जावे लागले त्यांचे काय? त्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. सारखेच काम, सारखीच सेवा, आणि फक्त जन्मतारखेच्या थोड्या फरकाने एकाची नोकरी गेली, दुसऱ्याची राहिली. त्या दोन वर्षांच्या गोंधळात कुणी कामाचे काय झाले हे विचारले होते का?

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यांतला पहिला आणि सर्वांत जिव्हाळ्याचा तरुणांच्या रोजगाराचा. देशाच्या पातळीवर ‘एक म्हातारा गेला की एक तरुण लागतो’ हे समीकरण खरे नाही. फ्रान्सने 1982 मध्ये पूर्ण पेन्शनचे वय 65 वरून 60 वर आणले. त्यामागे तरुणांना जागा मिळतील ही आशाही होती. पुढच्या दशकात तिथली तरुणांची बेकारी हटली नाही. 12 देशांच्या आकडेवारीवर आधारलेला, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा तुलनात्मक अभ्यासही हेच सांगतो: जिथे वयस्क माणसे जास्त संख्येने काम करतात तिथे तरुणांचा रोजगार त्यामुळे घटलेला दिसत नाही. कामांची संख्या ही काही ठरावीक मापाची भाकरी नाही, की एकाने तुकडा जास्त खाल्ला म्हणून दुसरा उपाशी राहील.

पण इथेच थांबून विजयी मुद्रा करणारे लोक अर्धेच सत्य सांगतात. देशाच्या पातळीवर जे खोटे आहे ते एका कार्यालयाच्या चार भिंतींत बऱ्याच अंशी खरे असते. इटलीत 2011 अखेर पेन्शनचे वय एका फटक्यात वाढवले गेले, तेव्हा ज्या कंपन्यांत जास्त कर्मचारी अडकून पडले त्यांनी तरुणांची भरती कमी केली, असे त्यानंतरच्या संशोधनात दिसले. इटलीतल्याच दुसऱ्या एका संशोधनात असे आढळले की वरचे लोक लांबल्यामुळे खालच्यांच्या बढत्या आणि पगारवाढी रखडतात. हे स्वाभाविकच आहे. विभागप्रमुखाची जागा एकच असते. तिथला माणूस दोन वर्षे लांबला तर उपप्रमुख दोन वर्षे अडतो, त्याच्याखालचा अडतो, आणि तळाशी एक नवी नेमणूक होत नाही. म्हणून तरुणांची तक्रार मी पूर्ण मान्य करतो. पण ती नीट वाचावी. त्यांना अडवते ती खुर्ची. साठीतला माणूस कोपऱ्यातल्या टेबलावर बसून अवघड प्रकरणे तपासतो आहे, यामुळे कुणाचीही बढती अडत नाही.

दुसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो: सर्वांना एकच तारीख असली की माणसाची अब्रू राखली जाते. 60 पूर्ण झाले म्हणून गेलो, असे सांगण्यात कमीपणा नाही. तारीखच नसेल तर बाहेर पडण्याचा एकच दरवाजा उरतो, तो म्हणजे ‘तुमच्याकडून आता होत नाही’ हे सिद्ध होणे. तीस वर्षे उत्तम काम केलेल्या माणसाच्या शेवटच्या दोन वर्षांत चुकांची फाइल तयार करायची, नोटिसा द्यायच्या, मूल्यमापनात गुण कमी करायचे, हे क्रूर आहे. ब्रिटनने 65 चे सर्वसाधारण निवृत्तीवय 2011 मध्ये रद्द केले. तरीही 2012 मध्ये एका वकिली फर्ममधून वयामुळे बाहेर पडाव्या लागलेल्या भागीदाराच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की पिढ्यांमधला न्याय राखणे आणि अकार्यक्षमतेचा जाहीर पंचनामा टाळणे हे वयोमर्यादेमागचे रास्त हेतू असू शकतात. अमेरिकेने 1967 च्या कायद्याने 40 ते 65 वयाच्या कर्मचाऱ्यांना वयावरून होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण दिले, 1978 मध्ये वरची मर्यादा 70 केली आणि 1986 मध्ये बहुतेक व्यवसायांतून ती पुसूनच टाकली. विद्यापीठांतल्या कायम प्राध्यापकांना ही सूट 1994 पासून मिळाली, आणि 70-71 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण थेट 69 वर्षांच्या प्राध्यापकांच्या पातळीपर्यंत घसरले. मर्यादा नसली की माणसे आपण होऊन उठत नाहीत. म्हणून मी अमेरिकी वाटेच्या बाजूने नाही. तारीख हवी. फक्त त्या तारखेला नेमके काय संपते, हे आपण ठरवायला हवे.

तिसरा मुद्दा कुवतीचा. वय वाढते तशी प्रतिक्रिया मंदावते, अंधारात कमी दिसते, झोप तुटली तर भरून निघायला वेळ लागतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वयाबरोबर आणखी एक गोष्ट वाढते: माणसामाणसांतला फरक. तिशीतली दहा माणसे एकमेकांसारखी असतात तितकी पासष्टीतली दहा नसतात. त्यामुळे वयावरून एखाद्याच्या कुवतीचा अंदाज बांधणे हे नेमके त्याच वयात सर्वांत चुकते, ज्या वयात आपण तो बांधतो. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे तपासणी कामाची करावी. अमेरिकेत विमान कंपन्यांच्या वैमानिकांसाठी 60 ची मर्यादा 1959 मध्ये ठरली आणि 2007 पर्यंत टिकली. मग ती 65 झाली. त्याआधी 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांनी दोन वैमानिकांच्या विमानांसाठी 65 मान्य केले होते. त्यासोबत साठीनंतर वैद्यकीय तपासणी दर 6 महिन्यांनी करण्याची अट आहे. मर्यादा सैल केली आणि तपासणी घट्ट केली. क्रेनचालक, बसचालक, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर यांच्या बाबतीत हीच रीत योग्य. हिशेबनीस किंवा मसुदे तपासणारा अधिकारी यांना मात्र दृष्टीची साधी तपासणी आणि नेहमीचे कामाचे मूल्यमापन पुरते. त्यांना ‘फिटनेस’च्या नावाखाली अडवणे हे निमित्त शोधणे आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो, कारण अनुभवाच्या बाजूने बोलणारेही युक्तिवाद ढिला करतात. ‘त्यांच्याशिवाय चालणार नाही, म्हणून मुदतवाढ द्या’ हे वाक्य ज्या संस्थेत ऐकू येते तिथे दोष संस्थेचा असतो. अमेरिकेच्या अण्वस्त्र कार्यक्रमात ‘फॉगबँक’ या सांकेतिक नावाचा एक पदार्थ वापरला जात असे. त्याचे उत्पादन 1980 च्या दशकाअखेर थांबले. पुढे शस्त्रांच्या नूतनीकरणासाठी तो पुन्हा लागला तेव्हा लक्षात आले की कृतीच्या नोंदी अपुऱ्या आहेत आणि जाणकार माणसे जवळपास सगळी निवृत्त झाली आहेत किंवा सोडून गेली आहेत. 2009 मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी नोंदवले की यामुळे काम किमान वर्षभर लांबले आणि 6 कोटी 90 लाख डॉलर खर्च झाले. एवढ्यावर गोष्ट संपत असती तर ती अनुभव राखून ठेवण्याच्या बाजूची झाली असती. पण पुढे आणखी कळले. मूळ पदार्थात कच्च्या मालातून येणारी एक अशुद्धता गुणकारी होती. नव्या प्रक्रियेत ती धुऊन निघत होती. ती अशुद्धता महत्त्वाची आहे हे मूळ कारागिरांनाही ठाऊक नव्हते. म्हणजे जुना माणूस खुर्चीत बसवून ठेवला असता तरी ही गोष्ट त्याला सांगता आली नसती. ज्ञान माणसाबरोबर बसून, त्याचे हात चालताना पाहून, प्रश्न विचारून काढून घ्यावे लागते, आणि ते काम खुर्चीतून उठलेल्या माणसाबरोबरच नीट होते. खुर्चीत बसलेल्याला त्यासाठी वेळ नसतो.

मुदतवाढीचा दुसरा दोष मला अधिक खुपतो. ती तुकड्यातुकड्यांनी मिळते, तीन महिने, सहा महिने, आणि आदेश बहुधा शेवटच्या दिवसांत येतो. तोवर तो माणूस, त्याचा संभाव्य उत्तराधिकारी, सगळा विभाग तळ्यात-मळ्यात असतो. मोठी खरेदी, नवी भरती, वादाचे निर्णय लांबणीवर पडतात. आणि ज्याची पुढची सहा महिन्यांची नोकरी वरिष्ठाच्या एका सहीवर टांगलेली आहे, तो त्या वरिष्ठाच्या चुकीच्या फाइलवर प्रतिकूल शेरा मारील का? लेखापरीक्षण, गुणवत्ता तपासणी, खरेदी, चौकशी अशा जागांवर तर मुदतवाढ म्हणजे ताठ कण्याची माणसे वाकवण्याचे साधनच. ज्याला मिळाली नाही त्याला कारण सांगितले जात नाही. ज्याला मिळाली त्याने काय दिले, याची कुजबुज होते. एका चांगल्या माणसाला दिलेली मुदतवाढसुद्धा संस्थेचे असेच नुकसान करते.

मग खुर्ची आणि काम वेगळे करता येते का? शंभर वर्षांहून अधिक काळ ते केले जात आहे. अमेरिकेच्या संघीय न्यायाधीशांना आजन्म नेमणूक असते. 1919 च्या कायद्याने त्यांच्यासाठी ‘ज्येष्ठ न्यायाधीश’ असा दर्जा निर्माण केला. आजच्या नियमानुसार 65 वर्षे वय आणि 15 वर्षे सेवा झालेला न्यायाधीश तो घेऊ शकतो. वय जास्त असेल तर सेवेची अट तेवढी कमी होते, 70 व्या वर्षी 10 वर्षे पुरतात. दर्जा घेताच त्याची जागा रिकामी होते, तिथे नवा न्यायाधीश नेमता येतो, आणि जुना न्यायाधीश कमी भाराने खटले ऐकत राहतो. सक्रिय न्यायाधीशाच्या साधारण तीन महिन्यांच्या कामाइतके काम वर्षाला करावे, असा पूर्ण सोयी-सवलतींसाठीचा निकष आहे. संघीय न्यायालयांचे सुमारे 15 टक्के काम हे ज्येष्ठ न्यायाधीश उचलतात. हा मार्ग ऐच्छिक आहे, आणि मला तो सर्वांसाठी ठरल्या वयाला लागू व्हावा असे वाटते, एवढाच फरक.

जपानने हेच कारखान्यांत आणि कार्यालयांत केले. तिथे 60 च्या आत सक्तीने निवृत्त करता येत नाही, आणि कर्मचाऱ्याला हवे असेल तर 65 पर्यंत काम देण्याची जबाबदारी मालकावर आहे: निवृत्तीवय वाढवा, रद्द करा, किंवा नव्या करारावर ठेवा. 2021 पासून 70 पर्यंत संधी देण्याचा प्रयत्न करावा, असेही कायदा सांगतो. बहुतेक कंपन्यांनी नव्या कराराचा पर्याय घेतला. कित्येक ठिकाणी त्याआधीच, पन्नाशीच्या मध्यावर, अधिकारपद सोडण्याची वेगळी वयोमर्यादा असते. इथला दोषही सांगायला हवा. नव्या करारात पगार बराच खाली येतो, आणि काम मात्र पुष्कळदा तेच राहते. अशाच एका प्रकरणात साठीनंतर तोच ट्रक चालवणाऱ्या चालकांना सुमारे 20 टक्के कमी पैसे मिळत होते. जून 2018 मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीनंतरचा करार ही विचारात घेण्याजोगी बाब मानून बराचसा फरक चालवून घेतला, पण पूर्ण हजेरीचा भत्ता नाकारणे अवाजवी ठरवले. हजेरीची गरज वयाने बदलत नाही. माझा कौल याहून कडक आहे. अधिकार, जबाबदारी आणि तास कमी झाले असतील तर मोबदला त्या प्रमाणात कमी व्हावा. तेच काम, तेवढेच तास असतील तर पगार कापण्याला वय हे कारण होऊ शकत नाही. नाहीतर पुनर्नियुक्ती म्हणजे स्वस्तात मजूर मिळवण्याची युक्ती ठरेल आणि तरुणांचे पगारही तीच खाली ओढील.

प्रत्यक्षात हे कसे करायचे? सुरुवात निवृत्तीच्या 18 महिने आधी व्हावी. त्या वेळी विभागाने एकच यादी करावी: या माणसाशिवाय कुणालाच येत नाही असे काय आहे? रोजच्या कामांपेक्षा वर्षातून एकदा येणारी कामे इथे महत्त्वाची, उदाहरणार्थ वर्षअखेरचा ताळेबंद, परवान्याचे नूतनीकरण, यंत्राची मोठी दुरुस्ती. हस्तांतरणाला पूर्ण 12 महिने हवेत ते यासाठीच. तीन महिन्यांच्या चार्जमध्ये नवा माणूस त्या हंगामातलेच काम पाहतो. यादी झाली की पहिले सहा महिने जुन्याने काम करावे आणि नव्याने पाहून स्वतःच्या शब्दांत लिहावे. पुढचे सहा महिने नव्याने करावे आणि जुन्याने गप्प बसून पाहावे. लिहिण्याचे काम जुन्या माणसाला दिले की हमखास फसते, कारण जे त्याच्या हातवळणी पडले आहे ते त्याला सांगण्यासारखे वाटतच नाही. अपवादांची वही वेगळी ठेवावी: नियम कुठे लागू पडत नाही, कोणते यंत्र पावसाळी हवेत वेगळे वागते, कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

एक वर्ष आधी कर्मचाऱ्याशी बोलणे व्हावे आणि त्यात त्याला फक्त त्याची इच्छा विचारावी: थांबायचे आहे, कमी तास करायचे आहेत, की पूर्ण वेळ? सिंगापूरच्या पद्धतीतून इथे घेण्यासारखे पुष्कळ आहे. तिथे 2012 पासून निवृत्तीवयानंतर पुनर्नियुक्ती देऊ करण्याचे बंधन मालकावर आहे; 2022 मध्ये निवृत्तीवय 63 आणि पुनर्नियुक्तीची वरची मर्यादा 68 झाली, आणि 1 जुलै 2026 पासून ही दोन वये 64 आणि 69 ठरली आहेत. काम समाधानकारक आणि तब्येत ठीक, एवढ्याच मुख्य अटी. करार किमान एका वर्षाचा, आणि त्याचा मसुदा निवृत्तीच्या निदान तीन महिने आधी हाती पडावा अशी अपेक्षा. योग्य काम देता येत नसेल तर साडेतीन महिन्यांच्या पगाराच्या हिशेबाने एकरकमी साहाय्य द्यावे लागते. ही शेवटची तरतूद मला मोलाची वाटते, कारण ‘जागा नाही’ म्हणण्याची किंमत मोजावी लागली की ते वाक्य सहज तोंडातून निघत नाही.

करार लिहिताना कुठे चुकते तेही सांगतो. सर्वांत महाग चूक सेवा न तोडता पगार कमी करण्याची. भारतातल्या ग्रॅच्युइटीचे सूत्र पाहा: दर पूर्ण वर्षाला 15 दिवसांचे वेतन, आणि ते शेवटच्या वेतनाच्या दराने. 30 वर्षांच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी न चुकवता त्याच सेवेत 40 टक्के कमी पगारावर दोन वर्षे काढली, तर शेवटी सगळ्या 32 वर्षांचा हिशेब त्या घटलेल्या पगारावर मांडला जाऊ शकतो. दोन वर्षे जास्त काम करून माणूस ग्रॅच्युइटीचा मोठा भाग गमावतो. म्हणून जुनी सेवा ठरल्या तारखेला पूर्ण संपवावी, देणी चुकती करावी, आणि नवा करार नव्या तारखेपासून, स्वतंत्र कागदावर सुरू करावा. त्यात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात: काम कोणते, तास किती, कुणाला उत्तर द्यायचे, आजारपणाचा व अपघाताचा विमा कोणता, आणि करार कधी व कसा संपेल. विमा विसरला जातो. समूह विम्याच्या पॉलिसीत वयाची वरची मर्यादा असते, आणि ती ओलांडलेली होती हे अपघातानंतर कळते.

दुसरी चूक अधिकार अर्धवट ठेवण्याची. संगणकप्रणालीत मंजुरीचा हक्क जुन्याच्याच नावावर राहतो, बँकेतली सही बदललेली नसते, पुरवठादार सवयीने त्यालाच फोन करतात. मग नवा प्रमुख नावाचा राहतो. पद सोडण्याच्या दिवशीच सह्या, पासवर्ड, मंजुरीची मर्यादा बदलावी, आणि शक्य असेल तर पुनर्नियुक्त माणसाचे टेबल वेगळ्या खोलीत, वेगळ्या विभागात असावे. काल हाताखाली असलेला माणूस आज वरिष्ठ झाला, ही गोष्ट दोघांनाही जड जाते. त्यासाठी जुन्याने नव्याच्या निर्णयांवर मत विचारले तरच आणि नव्यालाच द्यावे, इतरांसमोर नाही, हा नियम करारातच लिहावा. तोंडी समजूत महिनाभर टिकते.

जागेचाही विचार हवा, आणि त्याचा खर्च लोक समजतात त्यापेक्षा फार कमी असतो. बीएमडब्ल्यूने 2007 मध्ये जर्मनीतल्या डिंगोल्फिंग इथल्या कारखान्यात एका उत्पादन साखळीवर 42 जण असे नेमले की त्यांचे सरासरी वय 47 भरले, म्हणजे काही वर्षांनी सगळ्या कारखान्याचे होणार होते तेवढे. कामगारांनीच सुचवलेले सुमारे 70 छोटे बदल केले: सिमेंटच्या जागी लाकडी जमीन, बसून करता येईल अशी काही कामे, बारीक भागांसाठी भिंगे, सांध्यांवर ताण येऊ नये म्हणून कामांची अदलाबदल. खर्च 40,000 युरोच्या आसपास. वर्षभरात उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली. कार्यालयात तर याहून सोपे आहे: टेबलावर स्वतंत्र दिवा, पडद्यावरची अक्षरे मोठी, रात्रपाळी नाही, शिडीवर चढण्याचे काम नाही. वयस्क कामगारांना कामावर एकंदरीत दुखापती कमी होतात, पण झाली तर सावरायला जास्त दिवस लागतात.

या सगळ्यावर एक आक्षेप असा येईल की ज्यांना थांबायचे आहे त्यांना हे ‘स्वेच्छेचे’ काम हळूहळू सक्तीचे होईल. हा आक्षेप मी सहजासहजी झटकू शकत नाही. ज्याने चाळीस वर्षे ओझी उचलली, भट्टीसमोर उभे राहून काढली, त्याचे शरीर 58 व्या वर्षी झिजलेले असते; त्याच्यापुढे पासष्टीतल्या प्राध्यापकाचे उदाहरण ठेवणे अन्याय आहे. आणि ज्याची पेन्शन पोटापुरतीही नाही, त्याच्या ‘निवडी’ला निवड म्हणता येत नाही. म्हणूनच पेन्शन पद सोडण्याच्या तारखेला पूर्ण सुरू झाली पाहिजे आणि नवा करार नाकारल्याने तिच्यातला एक पैसाही कमी होता कामा नये. पुनर्नियुक्तीच्या जागा दाखवून पेन्शनचे वय पुढे ढकलू पाहणारे सरकार असेल तर त्याला विरोधच करावा. या दोन गोष्टींची सांगड घालणे हा या सूचनेचा गैरवापर होईल.

लहान संस्था म्हणतील, आमच्याकडे दुसरे टेबलच नाही, 12 महिने दोन माणसे पोसणे परवडत नाही. त्यांनी आठवड्यातून दोन दिवसांचा करार करावा. हस्तांतरणाला सलग दिवसांपेक्षा वर्षभर पसरलेले दिवस अधिक उपयोगी पडतात. ज्यांना दोन दिवसही परवडत नाहीत त्यांनी जुना माणूस गेल्यानंतर पहिल्या अडचणीला त्याला दूरध्वनी करून फुकटात विचारण्याची सवय तरी सोडावी आणि तासाचा दर ठरवून टाकावा. ज्ञान विकत घ्यावे लागते म्हटले की त्याची नोंद ठेवण्याची बुद्धीही होते.

हा नियम कुठून लागू करायचा, यावर त्याचे सगळे भवितव्य आहे. नियम खालपासून सुरू केला, कारकून आणि तंत्रज्ञांनी खुर्च्या सोडल्या आणि वरच्या मजल्यावर मुदतवाढी चालूच राहिल्या, तर कुणीही त्याला न्याय म्हणणार नाही, आणि पहिल्याच वर्षी ‘विशेष बाब म्हणून’ हे शब्द फाइलवर उमटतील. त्यामुळे ठराव मंजूर होताच या नियमाखाली निघणारे पहिले पत्र संस्थेच्या सर्वोच्च पदावरच्या माणसाच्या नावाचे असावे: पद सोडण्याची तारीख, चार्ज कुणाला द्यायचा त्याचे नाव, आणि पुढे काम करायचे असल्यास कोणते, किती तास आणि कुणाच्या हाताखाली.